सव्वादोन फूट

"चाचा, पट्टी सरळ धरा."

"सरळच हाय, मॅडम. नाकाच्या रेषेत धरलीय."

मी पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. आकडा तोच. मी वही उघडली, सकाळपासूनची सगळी रीडिंगं वरून खाली तपासली, बेरीज-वजाबाकी दुसऱ्यांदा केली. उत्तरही तेच. मार्चचं ऊन चढत होतं.

"काय झालं?" दस्तगीरचाचांनी पट्टी न हलवता विचारलं.

"चाचा, आपल्याला परत घाटावर जायचंय. पहिल्यापासून सगळं मोजायचंय."

मी चोवीस वर्षांची होते. डोहगाव नगरपालिकेत बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून लागून चार महिने झाले होते आणि पालिकेत नवं कोरं लेव्हल मशीन येऊन जेमतेम आठ दिवस. तिपाईवर मशीन ठेवायचं, बुडबुडा मधोमध आणायचा, दुर्बिणीतून समोर धरलेल्या आकड्यांच्या पट्टीकडे बघायचं. कुठली जागा कुठल्या जागेपेक्षा किती वर, किती खाली, ते सुतासुतानं कळतं. कॉलेजात पाच जणींत मिळून एक मशीन असायचं. इथं ते माझ्या एकटीच्या ताब्यात होतं. आठ दिवसांत मी पालिकेच्या पायऱ्या, व्हरांडा आणि चहाच्या टपरीचा कट्टासुद्धा मोजून काढला होता. पट्टी धरायला दस्तगीर नदाफ, पालिकेचे सगळ्यात जुने मुकादम. ते कधी कंटाळले नाहीत. म्हणायचे, "तुमची हौस बघून मलाच परत नोकरीला लागल्यासारखं वाटतंय."

त्या दिवशी काम साधं होतं. नदीकडच्या आळीत मालूअक्का बिरनाळे घर बांधत होत्या. त्यांचा शेवयांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, चार मशीनं आणि बारा बायका. नव्या घराखाली तळघर काढून मशीनं तिथं बसवायची, वर राहायचं, असा त्यांचा बेत. तळघराचा खड्डा झाला होता, लोखंड बांधून झालं होतं. दुपारी तीनला काँक्रीट पडायचं होतं. त्याआधी जाऊन पातळी तपासायची आणि सही करायची, एवढंच माझं काम.

डोहगावात घर बांधताना एकच गोष्ट बघावी लागते: पूर. मोठ्या पुरात पाणी जिथवर चढलं होतं, ती लाल रेषा. तिच्या आत घर बांधायचं तर जोतं पुराच्या पातळीच्या दीड फूट वर घ्यायचं आणि तळघर अजिबात काढायचं नाही. रेषेबाहेर ही अट नाही. आणि पुराची पातळी कुठून मोजायची, तर घाटावरच्या दगडी खांबावरून. घाटाच्या सगळ्यात वरच्या टप्प्यावर नावा बांधायचा जुना खांब आहे. मोठ्या पुराच्या साली पाणी टेकलं तिथं त्यावर छिन्नीनं रेघ मारलेली. नकाशा काढणाऱ्यांनी तीच रेघ धरली होती. मालूअक्कांची जागा त्या रेघेपेक्षा फूटभर वर होती, म्हणून लाल रेषेच्या बाहेर. तळघराचा परवाना माझ्या आधीच्या साहेबांनी रीतसर दिला होता.

मी घाटावरच्या खांबापासून मोजत मोजत मालूअक्कांच्या जागेपर्यंत आले. एक फूट वर. नकाशात होतं तसंच. सही करून निघायचं. पण मशीन हातात होतं आणि पलीकडे पन्नास पावलांवर बंद पडलेल्या सरकीच्या गिरणीची भिंत होती. त्या भिंतीवरही मोठ्या पुराची रेघ आहे, हे गावातल्या सगळ्या मुलांना माहीत होतं. दोन्ही रेघा एकाच पुराच्या, त्याच दिवसाच्या. मला वाटलं, चला, ताळा करून बघू.

ताळा जमला नाही. गिरणीवरची रेघ खांबावरच्या रेघेपेक्षा अडुसष्ट सेंटिमीटर वर होती. सव्वादोन फूट.

आम्ही पहिल्यापासून मोजलं. या वेळी उलट्या दिशेनं, गिरणीकडून घाटाकडे. दहाच्या सुमाराला घाटावर पोचलो, तेव्हा माझ्या वहीत पुन्हा तेच होतं. सव्वादोन फूट.

"गिरणीवाल्यांनी चुना लावताना रेघ वर सरकवली असंल," चाचा म्हणाले.

"किंवा खांब खोटा बोलतोय."

"दगड कसा खोटा बोलंल, मॅडम?"

"पाणी तरी कसं बोलेल? एका गावात एकाच दिवशी पाणी इथं खाली आणि तिथं वर उभं राहत नाही. तिसरी खूण पाहिजे, चाचा. एक तिसरी मिळाली की कळेल कोण खरं."

चाचांनी पट्टी खांद्यावर घेतली. मग सावकाश म्हणाले, "आमच्या घरात एक खिळा हाय."

"कसला खिळा?"

"माझा बाप नाव चालवायचा. पूर उतरला त्या दिवशी त्यानं भिंतीवरच्या ओल्या डागाला खिळा मारून ठेवला. आई त्याला पिशवी अडकवायची. अजून हाय."

मी पळायचीच बाकी होते. मशीनची पेटी एका हातात, तिपाई खांद्यावर. चाचा मागून "हळू, हळू" म्हणत होते, पण त्यांचीही पावलं झपाझप पडत होती. त्यांचं घर घाटापासून दोन गल्ल्या सोडून. दारातून आत नजर जाईल असं मशीन लावलं, चाचांच्या बायकोनं कपाट ओढून बाजूला केलं, आणि त्यामागे, पिवळ्या भिंतीवर, गंजलेला खिळा दिसला. चाचांनी पट्टी त्याच्या शेजारी उभी केली. मी रीडिंग घेतलं, वहीत लिहिलं, आणि तिथंच उभ्यानं वजाबाकी केली.

खिळा आणि गिरणी. दोन बोटांचाही फरक नाही.

"खांब खाली हाय?" चाचांनी विचारलं.

"खांब खाली आहे. सव्वादोन फूट."

"म्हंजे मालूअक्काचं तळघर?"

मी वहीत मालूअक्कांच्या जागेचा आकडा शोधला. मालूअक्कांची जागा पुराच्या एक फूट वर नव्हती, सव्वा फूट खाली होती. तिथं तळघर काढणं म्हणजे बारा बायकांसाठी विहीर खणून ठेवणं.

मला अजून आठवतं, मला भीती वाटली नव्हती. आनंद झाला होता. खरं सांगायचं तर उड्या माराव्याशा वाटत होत्या. अख्ख्या गावाला जे दिसलं नाही ते मला दिसलं होतं. हे सगळ्यात आधी ज्यांना सांगावंसं वाटलं, ते त्याच खड्ड्यात उभे होते. माझे आप्पा. भूपाल चौगुले, डोहगावचे नावाजलेले गवंडी. मालूअक्कांचं घर तेच बांधत होते.

मी धापा टाकत खड्ड्याच्या काठावर आले. आप्पा खाली लोखंडाच्या गाठी बघत होते.

"आप्पा, काम थांबवा. घाटाचा खांब चुकलाय."

"खांब कसा चुकंल?" त्यांनी वर न बघताच विचारलं.

"तीन खुणा मोजल्या. गिरणी आणि चाचांच्या घरातला खिळा एका पातळीत येतात. खांब तेवढा खाली आहे."

"किती?"

"सव्वादोन फूट."

आप्पांनी मान वर केली. माझ्याकडे नाही, चाचांकडे बघितलं. मग हातातली थापी लोखंडावर ठेवली, परत उचलली.

"मशीन नवं हाय," ते म्हणाले. "नवं मशीन काय बी दाखवतंय."

"दोनदा मोजलंय."

"मग तिसऱ्यांदा मोज." आणि ते पाठ फिरवून गड्यांशी बोलायला लागले.

मला ते लागलं. आप्पा असे नव्हते. मी इंजिनिअर झाले तेव्हा त्यांनीच आळीत पेढे वाटले होते. घरी आले की वहीतल्या आकृत्या मागून बघायचे आणि चुकलं-बिकलं तर विचारायचे. आज मी आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम घेऊन आले होते आणि ते माझ्याकडे बघतही नव्हते.

मी मुख्याधिकाऱ्यांना फोन लावला. ते जिल्ह्याला बैठकीत होते. तासाभरानं त्यांचा फोन आला. सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"चौगुले, तुमच्याकडे एक खिळा आणि एका बंद गिरणीची भिंत आहे. माझ्याकडे मंजूर नकाशा आहे. खांब जागेवरच उभा आहे ना?"

"हो, सर."

"मग त्याच्यावरची रेघ खाली कशी येईल? कारण सांगा. कारण लेखी द्या, मी आत्ता काम थांबवतो. नुसत्या आकड्यांवर परवाना अडवला तर बाई उद्या कोर्टात जाईल, आणि जायलाही पाहिजे."

कारण माझ्याकडे नव्हतं. मी पुन्हा घाटावर गेले, खांबाभोवती फिरले, बुडाशी बोटं घालून बघितली. जुना काळा दगड, ओळंब्यात सरळ. हललेला नाही, खचलेला नाही. दोन वाजले.

परत आले तेव्हा मालूअक्का आल्या होत्या. पन्नाशीच्या, उंच, पदर कमरेला खोचलेला, हाताला कायम पिठाचा वास. चाचांकडून त्यांना कळलं होतं.

"पद्मजा, तुझ्याच पालिकेनं परवाना दिला ना?" त्यांनी विचारलं.

"हो, अक्का."

"मग आज काय बदललं? सात वर्षं मी या घराची वाट बघतेय. बाराजणींना सांगून बसलेय की दसऱ्याला मशीनं नव्या जागेत फिरतील. तू म्हणतेस खड्डा बुजव. कशावरून?"

मी वही दाखवली. खुणा समजावून सांगितल्या. त्यांनी ऐकलं, पण ऐकता ऐकता त्यांची नजर आप्पांकडे जात होती.

"भूपाल, तू सांग. तुझी लेक इंजिनिअर हाय, पण तू चाळीस वर्षं या मातीत काम करतोस. खांब बरोबर का चूक?"

आप्पा खड्ड्यातून वर आले होते. मिक्सरजवळ उभे होते. गड्यानं विचारलं, "मिस्त्री, चालू करू?" तीनला दहा मिनिटं कमी होती.

मी मिक्सरच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. काय करते आहे ते मलाही कळत नव्हतं. माझ्याकडे अधिकार नव्हता, कागद नव्हता.

"पद्मे, बाजूला हो," आप्पा म्हणाले.

"नाही होणार."

"बाजूला हो, म्हंजे मला पुढं येता येईल."

मी सरकले. आप्पा मिक्सरच्या कळीपाशी आले. ती बंदच होती, तरी त्यांनी हात लावून पाहिला. मग डोक्यावरचं फडकं काढलं आणि मालूअक्कांसमोर उभे राहिले.

"खांब चूक हाय," ते म्हणाले. "मीच बसवलाय तो."

त्यांनी फडक्यानं कपाळ पुसलं.

"घाटाची दुरुस्ती निघाली होती. मी बावीस वर्षांचा असंन. खांब काढून बाजूला ठेवताना गाडीवरनं पडला आणि बुडाचा तुकडा निघाला. ठेकेदार चार दिवस गावात नव्हता. मी तुकडा मोजला, सव्वादोन फूट भरला. टाकून दिला. राहिलेला खांब तासला आणि बसवला. ओळंबा असा लावला की कुणाला कळलं न्हाई. ठेकेदार परत आला, खांबावर हात फिरवला आणि म्हणाला, हा पोरगा मिस्त्री होणार. तिथनं माझं नाव झालं."

"आणि रेघ?" मी विचारलं.

"रेघ खांबाबरोबर खाली आली. तेव्हा त्या रेघेला काय किंमत होती? नकाशा काढायला लोक आले वीस वर्षांनी. त्यांनी मला विचारलं न्हाई. मी पण गेलो न्हाई सांगायला. खरं म्हंजे मी विसरलो होतो. आज सकाळी तू आकडा सांगितलास, तेव्हा आठवलं."

"सकाळी?" माझा आवाज चढला. "मग चार तास..."

"चार तास मोजत होतो," आप्पा म्हणाले.

मला कळलं नाही ते काय मोजत होते. मालूअक्कांना कळलं. त्या जवळ आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "माझं घर सोड, भूपाल. तू त्या खांबावरनं पातळी घेऊन आजवर किती घरं बांधलीस?"

"एकतीस."

एकतीस घरं, खांबाच्या रेघेच्या दीड फूट वर, नियमाप्रमाणे. म्हणजे खऱ्या पुराच्या नऊ इंच खाली. त्यातल्या बहुतेक घरांच्या वास्तुशांतीला आप्पांच्या मानाच्या जेवणावळी झाल्या होत्या.

"लिहून द्याल?" मी विचारलं. माझ्या तोंडून अहो-जाहो आलं ते सवयीनं, पण त्या क्षणी मी पालिकेची होते.

जवळ कागद नव्हता. चाचांनी सिमेंटची रिकामी पिशवी फाडली, आतला स्वच्छ कागद काढून दिला. आप्पा सातवी शिकलेले. मिक्सरच्या चाकावर कागद टेकवून त्यांनी सावकाश, एकेक अक्षर मोठं काढत सगळं लिहिलं आणि खाली सही केली. मी फोनवर वाचून दाखवलं. मग मुख्याधिकारी म्हणाले, "काम थांबवा. तो कागद जपून आणा."

मालूअक्कांनी खड्ड्याकडे एकदा बघितलं आणि गड्यांना सांगितलं, "लोखंड काढून घ्या. माती परत लोटा."

नंतरचे चार महिने कसे गेले ते मला सलग आठवत नाही, इतकी धावपळ होती. तळघर रद्द झालं. आप्पांनी खांबांवर घर उभं केलं, जमिनीपासून पावणेतीन फूट उंच. पिठाची पोती चढवायला पायऱ्यांऐवजी उतार पाहिजे, हे मालूअक्कांनीच सुचवलं. नकाशा बदलायला वर्ष लागणार होतं, पण मुख्याधिकाऱ्यांनी मला तोवर नदीकडच्या आळीतल्या प्रत्येक विजेच्या खांबावर खरी पातळी रंगवायची परवानगी दिली. मी आणि चाचांनी पांढरे पट्टे मारले. सत्तेचाळीस खांब. लोक दारात येऊन बघायचे, पट्टा आपल्या उंबऱ्याच्या किती वर आला ते हातानं मोजायचे.

आप्पा रोज काम सुटल्यावर एकेका घरी जायचे. मी दोनदा बरोबर गेले. ते उंबऱ्यात उभे राहून तेच सांगायचे, खांब, तुकडा, सव्वादोन फूट. कुणी चहा दिला. कुणी पाणीही विचारलं नाही. एका घरी म्हातारे गृहस्थ म्हणाले, "भूपाल, तुझ्या शब्दावर आम्ही पाया भरला होता." आप्पा म्हणाले, "म्हणून तर आलोय." मग ते कामाला लागायचे. कुठं माळा वाढवला, कुठं धान्याच्या कणगीला उंच ओटा बांधला, विजेची बटणं वर घ्यायला लावली, जिथं भिंती तोलतील तिथं आतली जमीन भरून वर घेतली. जुलै संपेपर्यंत तीस घरं झाली होती.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात नदी पात्र सोडून वर आली.

पहिल्या दिवशी घाट गेला. दुसऱ्या दिवशी खांबावरची रेघ पाण्याखाली गेली. आधीच्या पुरांत लोक त्या रेघेकडे बघून बसायचे, अजून वेळ आहे म्हणायचे. या वेळी कुणी खांबाकडे बघितलं नाही. सगळे विजेच्या खांबांवरच्या पट्ट्यांकडे बघत होते, आणि पट्ट्याला हातभर अंतर असतानाच आळी रिकामी व्हायला लागली. म्हातारी माणसं, गाई-म्हशी, गॅसच्या टाक्या. मी, चाचा, पालिकेची सगळी माणसं दोन दिवस कमरेएवढ्या पाण्यात होतो. भिजून हातांची कातडी पांढरी पडली होती, आवाज बसला होता, आणि तरी मला आठवतं, आम्ही हसत होतो. कारण एकही माणूस मागे राहिला नव्हता.

पाणी माझ्या पट्ट्याला टेकलं, त्याच्या तीन इंच वर चढलं आणि थांबलं. मालूअक्कांच्या घराच्या फरशीखाली सव्वा फूट जागा राहिली होती. वर बारा बायका, त्यांची मुलं, शेजारची चार कुटुंबं, आणि कोरडी ठणठणीत मशीनं. वीज नव्हती, तरी अक्कांनी हातानं शेवया वळायला घेतल्या. त्या पाच दिवसांत सगळ्यांनी शेवयांचा उपमा खाल्ला.

सहाव्या दिवशी पाणी उतरलं. आप्पा मला म्हणाले, "चल, घरी जाऊन येऊ."

आमचं घर त्याच आळीत होतं. आप्पांनी ते नकाशा झाल्यावर स्वतःच्या हातानं बांधलं होतं, खांबावरून पातळी घेऊन. एकतिसातलं पहिलं. दुरुस्तीला ते सगळ्यात शेवटी ठेवलं होतं, आणि त्याची पाळी आलीच नाही. माळ्यावर जेवढं मावलं तेवढं आईनं चढवलं होतं. बाकी सगळं आत होतं.

दार फुगलं होतं. आप्पांनी खांद्यानं ढकलून उघडलं. जमिनीवर गाळ, उलटी पडलेली खुर्ची, आईचं पाट-पोळपाट चिखलात. भिंतीवर चारी बाजूंनी सरळ, एकसारखी तांबडी रेघ उमटली होती. आई मागोमाग आली होती; तिला हे दिसू नये म्हणून मी दारात आडवी उभी राहिले.

आप्पांनी खिशातून टेप काढला. गाळ पायानं बाजूला करून फरशी मोकळी केली, टेपचं टोक तिथं टेकवलं आणि रेघेपर्यंत ताणलं. वाकून आकडा वाचला. मग परत वाचला.

"बरोबर एक फूट," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या चिखलात त्यांचा चेहरा असा उजळला, जसा माझा निकाल लागला त्या दिवशीसुद्धा नव्हता. "नऊ इंच तुझ्या वहीतले. तीन इंच नदीचे."